अठ्ठावन्न फूट

१

गुरुवारी सकाळी खालच्या बोरीच्या आडात पोहरा अडकला. मंजुळाबाईनं दोनदा हिसका दिला. तिसऱ्यांदा जोर लावून ओढला तेव्हा पोहऱ्याच्या कडीत गुंतलेली सदऱ्याची बाही वर आली, आणि बाहीत हात होता.

मंजुळाबाई गावची सरपंच. ती ओरडली नाही. दोर तसाच घट्ट धरून तिनं बाकीच्या बायांना मागं सारलं आणि एकीला म्हणाली, "चौसाळ्याला फोन लाव. नर्सबाईला बोलीव."

नर्सबाई म्हणजे केशरबाई ओव्हाळ. एकतीस वर्षं या भागात तिनं बाळंतपणं केली, लसी टोचल्या, साप चावलेल्यांना गाडीत घालून बीडला नेलं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी कुणाकडं मरण झालं की पोलिसांच्या आधी तिलाच निरोप जायचा. शिवाय ती सिंदी खोरे पाणी परिषदेची पंच होती.

सिंदी काही मोठी नदी नव्हे. डोंगरातून निघते, चार गावांना वळसा घालते आणि मांजरेला मिळते. चार महिने नदी, आठ महिने वाळू. या नदीच्या पाण्यावरून चार गावांत कुऱ्हाडी निघाल्या होत्या. सात वर्षांपूर्वी सुंदरराव गुरुजींनी चारी गावं एका सतरंजीवर बसवली आणि करार केला. दर गुरुवारी प्रत्येक गावाची एक विहीर मोजायची. खालच्या बोरीचा आड पंचावन्न फुटांच्या खाली गेला, की वरल्या बोरीनं बंधाऱ्याच्या फळ्या काढून खाली पाणी सोडायचं. मोजायला एकच माणूस, चारी गावांनी मिळून नेमलेला. त्याचं नाव शहादेव. आडात होता तो शहादेवच.

केशरबाई ॲपेतून उतरली तेव्हा त्याला वर काढून लिंबाखाली ठेवलं होतं. पोलीस जमादार वहीत लिहीत होता.

"मोजताना तोल गेला," जमादार म्हणाला. "दरसाल दोन-चार जण पडतेतच आडात."

केशरबाईनं चष्मा नाकावर ढकलला आणि खाली बसली. शहादेव गुडघे पोटाशी घेऊन निजल्यासारखा पडला होता. तिनं त्याचा पाय सरळ करायचा प्रयत्न केला. पाय हलला नाही. लाकूड झाला होता. मान, खांदा, कोपर, सगळंच ताठ. तिनं हात उलटा केला. नखं तुटलेली, बोटांची टोकं सोललेली, आणि उरलेल्या नखांखाली काळ्या प्लॅस्टिकच्या बारीक साली. कानामागं शेवाळाची हिरवी तार चिकटलेली.

"शेवटचं कुणी बघितलं याला?" तिनं विचारलं.

"दिस उगवायलाच मोजाय येतो तो," मंजुळाबाई म्हणाली. "आज मी कडंला आले तर ह्याची पिशवीच दिसली. वाटलं, मोजून कुठं तरी बसला असंल."

आडाच्या कठड्याजवळ शहादेवची कापडी पिशवी होती, कोरडी ठणठणीत. आत पोलादी टेप, खडूचा तुकडा आणि मोजणीची वही. केशरबाईनं शेवटचं पान उघडलं. आजची तारीख. खालची बोरी. ५८ फूट.

तिनं पुन्हा एकदा प्रेताकडं पाहिलं. एवढं ताठरायला रात्र जावी लागते. हा माणूस कालच मेला होता. मग आज सकाळी आड मोजला कुणी?

२

गुरुजी दुपारी आले. सत्तरीला टेकलेला माणूस, पांढरं धोतर, डोळे लाल. शहादेवच्या उशाशी बसून त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही. मग केशरबाईला बाजूला घेऊन म्हणाले, "वरच्या गावानं मारला, असं आता खालच्या गावात कुजबुजतील. सात वर्षांचं काम एका दिवसात मातीत जाईल. परिषदेच्या वतीनं तुम्ही चौकशी करा आणि अहवाल द्या. तुमच्या शब्दापुढं कुणी जाणार नाही."

त्याच दिवशी तालुक्याहून कागद आला, बुडून मृत्यू. कागद खोटा नव्हता. शहादेव बुडूनच मेला होता. फक्त कुठं, ते कागदात नव्हतं.

सरूबाई, शहादेवची बायको, भिंतीला टेकून बसली होती. पंचवीस वर्षांपूर्वी केशरबाईनंच तिचं पहिलं बाळंतपण केलं होतं. रडून झालं होतं. आता ती फक्त पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होती.

"काल कवा गेला घरून?"

"चारच्या सुमाराला. पिशवी घेतली आन् म्हंला, वर जाऊन येतो. मी म्हंलं, मोजनी तर उद्या हाय, आज कावून? तर काय बोलला न्हाई."

"वर म्हणजे कुठं?"

"नदीनं वर. दोन महिने झाले, त्याला झोप न्हवती, नर्सबाई. वही घेऊन बसायचा. म्हनायचा, वरला बंधारा फळ्या काढल्या की दोन हात उतरतो, मग खाली वाटीभर बी पानी कावून येत न्हाई? वाळूनं पिलं तरी इतकं पीत न्हाई. मधी कोन तरी पितंय."

"कुणाला बोलला होता हे?"

"गुरुजीला बोलला व्हता. गुरुजी म्हंले, उन्हाळा हाय, वाळू तापलीय."

केशरबाईनं वही मांडीवर घेतली. शहादेव ऊसतोडीला जायचा तेव्हा बैलगाडीखाली सापडून त्याचा पाय मोडला होता. चौथीतून शाळा सोडलेली. पण सात वर्षांत एकही गुरुवार चुकला नव्हता. पानापानावर तेच वळणदार, मुलासारखं अक्षर. तारीख, गाव, आकडा, फुट. तारीख, गाव, आकडा, फुट. मागच्या तीन गुरुवारी खालच्या बोरीपुढं ५६॥, ५७, ५७॥. मग आजचे ५८.

मध्येच काही ओळींपुढं 'टँ' असं एक अक्षर होतं.

"हे काय?"

"टँकर," सरूबाई म्हणाली. "आडात टँकर वतला की त्या दिसाचं मोजमाप खोटं येतं म्हनायचा. मोजायचाच न्हाई. नुस्तं 'टँ' लिवून घरी यायचा."

"आणि काल टँकर आला नव्हता?"

सरूबाईनं मान वर केली. "काल बुधवार. बुधवारी कुठं आमची पाळी असती? पर काल आला की. दिस मावळताना. दोन खेपा वतल्या त्यानं."

३

टँकरचा ड्रायव्हर आसाराम चौसाळ्याच्या नाक्यावर चहा पीत बसलेला सापडला. केशरबाईला बघताच त्यानं कप खाली ठेवला आणि उभा राहिला.

"मी काई केलं न्हाई, नर्सबाई."

"केलंस असं म्हणालं कोण? काल खालच्या बोरीत पाणी ओतलंस?"

"व्हय. पाळी दुसऱ्या गावाची व्हती. पर नारायणगडाकडच्या रस्त्याला सप्त्याची गर्दी, गाडी निघंना. मग दोन्ही खेपा हिकडंच रिचवल्या. सात वाजले असतेन. बायांनी तिथंच निम्मं शेंदून नेलं."

"हे कुणाकुणाला माहीत?"

"खालच्या बोरीत समद्यांला. झिंबड पडली व्हती बायांची. बाकी कुणाला मी सांगितलं न्हाई. पाळी मोडली म्हनून माझीच चौकशी लागंल."

"ओतताना आडात काही दिसलं?"

"पानीच दिसलं. माणूस असता तर बायांचे पोहरे काय मोकळे आले असते?"

ते खरं होतं. म्हणजे बुधवारी सातला शहादेव आडात नव्हता.

केशरबाई परत खालच्या बोरीला गेली. प्रेत निघाल्यापासून आडाला कुणी शिवलं नव्हतं. तिनं शहादेवचीच टेप घेतली, तो करायचा तसं टोकाला खडू फासला, सोडली आणि ओली खूण वाचली. चोपन्न.

मंजुळाबाई शेजारी उभी होती. "वहीत तर अठ्ठावन लिवलंय."

"लिहिणाऱ्यानं आड मोजलाच नाही," केशरबाई म्हणाली. "मागचे आकडे बघितले. दर आठवड्याला अर्धा फूट खाली जातंय, म्हणून अर्धा फूट वाढवून टाकला. काल टँकर आला हे त्याला माहीत नव्हतं."

"मंजी आमच्या गावचा न्हवं."

"तुमच्या गावचा नव्हे, आणि आसारामही नव्हे. ज्यानं लिहिलं त्याच्या हातात पिशवी होती. ज्याच्या हातात पिशवी होती त्याच्याकडं शहादेव होता."

मंजुळाबाई थुंकली. "वरल्या बोरीचा मोहनराव. दुसरं कोन?"

केशरबाईनं टेप गुंडाळून पिशवीत ठेवली. तिच्या डोळ्यांपुढं ती नखं होती. दगडी आडात पडलेल्या माणसाच्या नखात माती येईल, चुना येईल. काळं प्लॅस्टिक एकाच ठिकाणी असतं, शेततळ्यात. पोहणारा माणूससुद्धा त्या उतारावरून वर येऊ शकत नाही. ओल्या प्लॅस्टिकवर हात ठरत नाही, पाय ठरत नाही. दरवर्षी वासरं मरतात, कुत्री मरतात.

आणि वरल्या बोरीत मोहनरावाचं शेततळं आहे, हे साऱ्या खोऱ्याला ठाऊक होतं.

४

मोहनराव वरल्या बोरीच्या पाणीवापर सोसायटीचा चेअरमन. घरापुढं दोन जीपगाड्या, मागं मोसंबीची बाग. त्यानं केशरबाईला खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी गार होतं.

"नर्सबाई, सरळ बोला. माझ्यावर संशय हाय न्हवं?"

"तुमचं शेततळं बघायचंय."

तो हसला आणि स्वतः तिला घेऊन गेला. तळं कोरडं होतं. प्लॅस्टिक उन्हानं तडकून त्याच्या चिंध्या झालेल्या, तळाशी धूळ, आणि धुळीत दोन शेळ्या उभ्या. इथं एखादी चिमणीही बुडाली नसती.

"काल कुठं होता?"

"परळीला. पोरगी सासरी चालली, तिला गाडीत बसवायला. दुपारी गेलतो, रातच्याला नऊला आलो. सगळ्या गावाला इचारा."

तिनं विचारलं. अर्ध्या गावानं त्याला जाताना पाहिलं होतं आणि अर्ध्यानं येताना.

पण परत फिरताना केशरबाईची नजर बागेवर गेली. दोन वर्षं धड पाऊस नाही, तळं कोरडं, विहिरी आटलेल्या. मोसंबीची पानं मात्र हिरवीगार होती. झाडाच्या बुंध्याशी तिनं मूठभर माती उचलली. ओली होती.

"हे पाणी कुठलं, मोहनराव?"

मोहनरावानं खिशातून रुमाल काढला आणि मान पुसली. "गुरुजीला इचारा," तो म्हणाला, आणि गडबडीनं घरात गेला.

ठिबकची नळी बांधाबांधानं टेकडीकडं जात होती. केशरबाई तिच्या मागं चालू लागली. त्रेसष्ट वर्षांचे गुडघे, समोरून कलतं ऊन. अर्धा कोस गेल्यावर नळी तारेच्या कुंपणात शिरली. फाटकावर पाटी होती, 'सिंदी खोरे पाणी परिषद, रोपवाटिका'. कुलूप लावलेलं. ही जागा परिषदेची, आणि किल्ल्या दोनच, एक गुरुजींकडं आणि एक मोहनरावाकडं. तीन वर्षांपासून पाण्याअभावी बंद, असं गुरुजी प्रत्येक बैठकीत सांगायचे.

कुंपण एका ठिकाणी वाकलं होतं. पदर खोचून ती आत शिरली.

उंच बांधाआड तळं होतं, अर्ध्याहून वर भरलेलं. हिरवट, गच्च पाणी, वर शेवाळाच्या तारा. दुसऱ्या बाजूनं एक जाड नळी नदीच्या पात्राकडं उतरत होती, बरोबर वरल्या बंधाऱ्याच्या खाली. बंधाऱ्याच्या फळ्या निघायच्या, पाणी सुटायचं, आणि दोन शेतं पुढं गेलं की मोटर ते उचलून इथं आणायची. खालच्या बोरीचं पाणी कागदावर सुटत होतं.

तळ्याच्या एका कोपऱ्यात प्लॅस्टिकवर ओरखडे होते. पाण्यापासून हातभर वर. दहा-बारा नाहीत, शेकडो. एकावर एक, कोपऱ्यापासून लोखंडी खुंटीच्या दिशेनं सरकत गेलेले.

खुंटीला दोर बांधलेला होता. मागं एक वासरू बुडालं तेव्हा परिषदेनं नियम केला होता, प्रत्येक तळ्यात एक दोर कायम पाण्यात सोडलेला असावा, पडलेल्याला धरून वर येता यावं म्हणून. हा दोर पाण्यात नव्हता. वर ओढून, नीट वेटोळं करून खुंटीवर ठेवला होता. केशरबाईनं वेटोळं उलगडलं. खालचा सात-आठ हात भाग शेवाळानं हिरवा झाला होता आणि आतून अजून दमट होता.

शहादेव दोरापर्यंत पोचला होता. त्याच्या आधी कुणीतरी दोर काढून घेतला होता.

५

शुक्रवारी सकाळी केशरबाई गुरुजींकडं गेली. चार वाजता खालच्या बोरीत शोकसभा होती. गुरुजी भाषणाची टिपणं काढत बसले होते.

"अहवालाचा कच्चा मसुदा आणलाय," ती म्हणाली. "तुम्ही एकदा नजर टाका. माझं शुद्धलेखन तुम्हाला माहीतच आहे."

गुरुजींनी कागद घेतला. छत्तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस. वाचता वाचता त्यांचा हात खिशाकडं गेला, लाल पेन निघालं. एक अनुस्वार वाढवला. एक काना खोडला. मग तिसऱ्या ओळीवर पेन थांबलं. केशरबाईनं तिथं लिहिलं होतं, 'खालची बोरी, ५८ फुट'. गुरुजींनी ऱ्हस्व उकार खोडून दीर्घ केला.

केशरबाईनं पिशवीतून वही काढून त्यांच्या पुढं उघडी ठेवली.

"शहादेवनं सात वर्षांत हा शब्द हजारदा लिहिला असेल, गुरुजी. हजारदा 'फुट'. एकदाच 'फूट' लिहिलंय. तो मेल्यावर."

गुरुजींनी वहीकडं पाहिलं, मग हातातल्या पेनाकडं. पेनाला टोपण लावलं.

"बुधवारी संध्याकाळी तो मेला, तेव्हा मोहनराव परळीला होता," ती सांगत गेली. "रोपवाटिकेची दुसरी किल्ली तुमच्याकडं. टँकर आला हे खालच्या बोरीला माहीत होतं, तुम्हाला नव्हतं. त्याला रात्री जीपमध्ये गुडघे मुडपून घातला, तसाच तो ताठरला, आणि पहाटे आडात टाकला. जीप मोहनरावाची. पण आकडा तुमचा."

बाहेर कुणीतरी सायकल लावली आणि निघून गेलं.

"मी त्याला ढकललं नाही," गुरुजी शेवटी म्हणाले. आवाज वर्गात असायचा तसाच, स्वच्छ. "तो टेप घेऊन तळं मोजत होता. मी हाक मारली. तो वळला आणि घसरला."

"आणि दोर?"

"दोर मी वर घेतला. म्हणालो, आधी बोलू, मग वर ये."

"किती वेळ बोललात?"

"ऊन टेकडीवरून जाईपर्यंत."

एकतीस वर्षांत केशरबाईनं पुष्कळ मरणं पाहिली होती, असं एकही नाही.

"वरली बोरी दीड वर्षापूर्वीच करार मोडून निघाली होती," गुरुजी म्हणाले. "बागा वाळत होत्या. ते गेले असते तर मधली दोन गावं गेली असती आणि पुन्हा कुऱ्हाडी. मी त्यांना थोडं पाणी देऊन थांबवलं. खालच्या बोरीला टँकर मिळतो. बागेला टँकर कोण देणार? एका गावानं थोडी तहान सोसली आणि खोऱ्यात सात वर्षं रक्त सांडलं नाही. हे शहादेवला कळायला हवं होतं."

"त्याला सांगितलंत हे? तो पाण्यात असताना?"

"सांगितलं. आधी त्यानं शिव्या दिल्या. मग शेवटी म्हणाला, कुणाला बोलणार नाही. पोरांची शपथ घेतली."

"मग दोर का नाही टाकला?"

गुरुजींनी पहिल्यांदा खाली पाहिलं. "त्याला खोटं बोलता येत नव्हतं, केशरबाई. सात वर्षं मी त्याला ओळखत होतो. तो 'बोलणार नाही' म्हणाला, आणि त्याच्या आवाजावरूनच मला कळलं की हा बोलणार."

केशरबाईनं वही मिटून पिशवीत ठेवली. मग गुरुजी पुढं झुकले.

"उद्या शनिवार. मुंबईहून परिषदेला पैसा देणाऱ्या संस्थेची माणसं खोरं बघायला येताहेत. त्यांच्यापुढं वरल्या बंधाऱ्याच्या सगळ्या फळ्या निघतील. उद्या मोटर बंद असेल. खालच्या बोरीला महिनाभर पुरेल इतकं पाणी येईल. परवा तुम्ही म्हणाल त्या कागदावर मी सही करतो. पण आज तुम्ही तोंड उघडलंत तर त्या बंधाऱ्याची एक फळी हलणार नाही. ठरवा."

६

केशरबाईनं ठरवलं नाही. ती सरूबाईकडं गेली, दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. दोरापासून शपथेपर्यंत काही वगळलं नाही. मग गुरुजींनी घातलेली अटही सांगितली.

"हे माझ्या एकटीनं ठरवायचं नाही," ती म्हणाली. "तुझा माणूस गेला, आणि पाणी तुझ्या गावाचं आहे. दोन दिवस थांबायचं का, तू सांग."

सरूबाई उठली, कोपऱ्यातली शहादेवची काठी उचलून उगाच दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली.

"आज त्याच्या फोटूला गुरुजी हार घालनार?"

"हो."

"आन् उद्या त्याच मान्साच्या गळ्यात लोक हार घालनार."

"घालतील."

"मग सांगा," सरूबाई म्हणाली. "आजच सांगा."

चार वाजता लिंबाखाली चारी गावं जमली. गुरुजी बोलायला उभे राहायच्या आधी केशरबाई उभी राहिली. तिनं ताठरलेलं प्रेत सांगितलं, नखं सांगितली, टँकर, वही, दोर सांगितला, शेवटी गुरुजींची दोन दिवस थांबायची अट आणि त्यावर सरूबाई काय म्हणाली तेही. तिला वाटलं होतं गुरुजी नाकारतील. ते उठले, हात जोडले आणि म्हणाले, "बाई सांगतात ते सगळं खरं आहे." मग खालीच बसले. खालच्या बोरीचे चार-पाच बाप्ये काठ्या घेऊन धावले, पण जमादार आडवा आला. मोहनराव जीपकडं पळत होता, त्याला मधल्या गावच्या लोकांनीच धरला. दिवस मावळायच्या आत दोघांनाही नेलं.

शनिवारी मुंबईची माणसं आली नाहीत. त्यांचा फोन आला, की प्रकरण मिटेपर्यंत संस्था या खोऱ्यात काम करणार नाही. वरल्या बोरीनं बैठक घेतली. ज्यानं करार केला तोच आत, मग करार कसला, असं म्हणून त्यांनी फळ्यांवर लोखंडी पट्ट्या ठोकल्या आणि बंधाऱ्यावर कुऱ्हाडी घेऊन माणसं बसवली. रोपवाटिकेच्या फाटकाला सील लागलं. तळं आता पुरावा होतं. खालच्या बोरीचे लोक अर्ज घेऊन गेले, की निदान ते पाणी तरी द्या, आमच्याच वाट्याचं आहे. तालुक्याचा साहेब म्हणाला, खटला उभा राहीपर्यंत तिथला थेंब हलवता येणार नाही. कडक उन्हात ते पाणी रोज बोटभर खाली जात होतं आणि कुंपणाबाहेरून ते सगळ्यांना दिसत होतं.

मढं पडलं म्हणून आडाचं पाणी कुणी पीत नव्हतं. टँकर आता रस्त्यावरच उभा राहायचा. दुसऱ्या आठवड्यात गावातली नऊ घरं कुलूप लावून पुण्याकडं गेली. मंजुळाबाईच्या नातवाला हगवण लागली. केशरबाईनं पाच दिवस त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजलं. सहाव्या दिवशी तो गेला.

त्याच्या तिसऱ्या दिवशी केशरबाई मंजुळाबाईला भेटायला आली तेव्हा टँकर उभा होता. घागरींची रांग लागली होती. सरूबाईची घागर पाचवी होती. केशरबाईच्या देखत एका बाईनं पायानं ती घागर मागं सारली आणि आपली पुढं ठेवली. मग तिच्या मागच्या बाईनं. कुणी काही बोललं नाही, कुणी शिवी दिली नाही. पायापायानं घागर रांगेच्या शेवटी गेली. सरूबाई नुसती तिच्या मागं मागं सरकत राहिली. तिची पाळी आली तेव्हा आसारामनं नळीला हिसका दिला, दोन थेंब पडले, आणि त्यानं मान फिरवली.

"हे काय चाललंय, मंजुळाबाई?" केशरबाई म्हणाली. "नवरा तिचा मेला."

मंजुळाबाई भरलेल्या हंड्यावर हात ठेवून उभी होती. तिचे डोळे कोरडे होते.

"माझा नातू बी मेला," ती म्हणाली. "दोन दिस थांबायचं व्हतं. तुमी तिला इचारलं, आमाला कुनी इचारलं न्हाई."

ती हंडा उचलून गेली. बाकीच्या बायाही एकेक करून गेल्या. आसारामनं गाडी सुरू केली आणि धुरळा उडवत निघून गेला.

केशरबाईनं आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून सरूबाईपुढं धरली. सरूबाईनं ती घेतली नाही. रिकामी घागर कमरेवर घेऊन ती काही वेळ रस्त्याकडं बघत राहिली.

"नर्सबाई, तुमी इचारलं तवा मी 'सांगा' म्हंले," ती म्हणाली. "आज इचारलं असतं तर न्हाई म्हंले असते."

आणि ती घराकडं चालू लागली. केशरबाई बाटली हातात धरून तिथंच उभी राहिली.